बाई, ती जागा तुम्ही स्वतः पाहिली होती

बाई, परवा तुमची तेरवी झाली. अकोटच्या घरी मांडव टाकला, पंगती उठल्या, सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. पण हात धुवायला उभ्या असलेल्या बायकांमध्ये कोणीतरी हळूच म्हणालं, "शेवटी वृद्धाश्रमातच गेल्या म्हना, बिचाऱ्या." तुमचा नितीन तिथेच पंगतीत वाढत होता. त्याने ते ऐकलं. भाजीची बादली खाली ठेवून तो मागच्या अंगणात निघून गेला, आणि उरलेली पंगत मी वाढली.

मी त्या बाईला काही बोलले नाही. तुम्ही बोलला असतात. एका शाळेची मुख्याध्यापकी केलेल्या, अर्ध्या अकोटला पाढे शिकवलेल्या बाईला 'बिचारी' म्हणायची हिंमत तुमच्यासमोर कोणी केली नसती. नितीनच्या बाजूने त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते आता तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते.

लकवा आला तेव्हा तुम्ही घरी एकट्या होतात. शेजारच्यांनी अकोल्याला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, डोकं मात्र पहिल्यासारखंच चालत होतं. नितीन पुण्याहून आला आणि म्हणाला, आई, माझ्याकडे चल. तुम्ही म्हणालात, "तुमी दोघंही दिवसभर कामाले. मी काय भिंतीसंग बोलू?"

मग मी म्हटलं, "माझ्याकडे चला. अमरावतीला."

तुम्ही छताकडे पाहत म्हणालात, "तुयं घर तिसऱ्या माळ्यावर. मले उचलनार कोन?"

"बाई लावू."

"ते सुट्टीवर जाईन तवा?"

"तेव्हा मी आहे."

"मंदे, तुये गुडघे मी पाह्यले नाई काय? वर्षभरात मी तुले जड होईन. तू बोलनार नाईस, पन मले दिसन. त्याच्यापरीस तू मले भेटाले येत जा."

मला राग आला होता. आपण जावा, पण एका घरात किती वर्षं काढली. चूल वेगळी झाली तेव्हा सगळी गल्ली भांडणाची वाट पाहत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्याकडे चहाला आलात, कारण तुमचं सिलिंडर आलं नव्हतं. चहा झाल्यावर म्हणालात, "साखर कमी घालत जा." एवढंच आपलं वेगळं होणं. आणि अशा बाईने मला म्हणावं की मी तुला जड होईन. हा वाद मी तेव्हा पुरा केला नाही. तुम्ही आजारी होतात.

नितीनने वृद्धाश्रमाच्या तीन जागा शोधल्या. फोन करून वेळ घेतो म्हणाला, तर तुम्ही त्याला अडवलंत. "फोन नोको करू. तपासनीचा दिवस कळला का आमी बी शाळा झाडून-पुसून ठेवत होतो. पोरायले धुतलेले गनवेश घालून बसवत होतो. तपासनीस खूश होऊन जाये." शिवाय मी तुमच्या वतीने पाहून येते म्हटलं, तेही चाललं नाही. "तिथं रायाचं मले हाय." डॉक्टरांनी हो-नाही करत परवानगी दिली आणि आपण तुम्हाला गाडीत मागे उशांमध्ये बसवून निघालो.

पहिली जागा अमरावतीची होती, नवीकोरी. खरं सांगते, मला ती फार आवडली होती. चकचकीत फरशी, दारातच मोठी मासोळ्यांची काचपेटी, भिंतीवर मोराचं चित्र. मॅनेजर नितीनशी बोलत होता आणि अधूनमधून माझ्याशी. तुम्हाला तहान लागली. तुम्ही पाणी मागितलंत तर एक मुलगी हसतमुखाने आली, सीलबंद बाटली तुमच्या मांडीवर ठेवून गेली. तुमचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, मुलीकडे पाहिलंत. मी झाकण उघडायला पुढे झाले तर तुम्ही मान हलवून नको म्हणालात. ती परत येते का हे तुम्हाला पाहायचं होतं. ती आली नाही. आम्ही तुम्हाला तसंच तहानलेलं बाहेर आणलं.

दुसऱ्या जागी आपण संध्याकाळच्या चहाच्या सुमारास पोचलो. अकोल्यातच, हमरस्त्याला लागून. तिथे इतकी शांतता होती की मला बरं वाटलं. खोल्यांमध्ये सगळी म्हातारी माणसं झोपलेली. चहाचे कप उशाशी ठेवलेले, त्यांवर साय धरलेली. तुम्ही मला चाकाची खुर्ची ढकलत एकेका खोलीच्या दारात न्यायला लावलंत. परत येताना म्हणालात, "म्हाताऱ्या मानसाले इतकी झोप येत नाई, मंदे. अन् सगळ्यायले एकदम तं येतच नाई." नितीन म्हणाला, आई, तू उगाच संशय घेतेस. तुम्ही म्हणालात, "असंन. पन मले जागं रायाचं हाय."

तिसरी जागा म्हणजे अकोल्याच्या जुन्या वस्तीतलं साधं दोन मजली घर. पाटी लहान, रंग पोपडे आलेला. आत शिरताच फिनाइलचा वास आणि त्याच्या खालून दुसरा, लघवीचा. मी नाकाला पदर लावला. दोन म्हाताऱ्या टीव्हीवरून भांडत होत्या, एकीला कीर्तन हवं होतं, एकीला मालिका. ते घर चालवणाऱ्या सरोदे मॅडम आल्या, आधी तुमच्यापुढे वाकल्या आणि नाव विचारलं. जेवणाची वेळ झाली होती. पानावर बसलेले एक आजोबा मॅडमसमोरच म्हणाले, "कालची दाळ कच्ची होती. आज बी तशीच हाय काय?" मॅडम म्हणाल्या, "काल कुकर बिघडला होता, काका. आज शिजली आहे, पाहा." आजोबांनी भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि जेवू लागले.

गाडीत बसल्यावर तुम्ही म्हणालात, "हेच."

मी वासाचं बोलले, भिंतींचं बोलले. तुम्ही म्हणालात, "तो बुढा तिच्या तोंडावर बोलला, अन् मंग घास बी घेतला. त्याले तिथं भेव नाई." मी म्हटलं, भीती नसली म्हणजे झालं का? स्वच्छता नको? तुम्ही डोळे मिटून घेतलेत. म्हणजे ठरलं.

बाई, माझं वासाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते नंतर तुम्हीही मानलंत. पावसाळ्याच्या तोंडावर मी भेटायला आले होते. रेखा म्हणून दुपारची बाई होती, तिच्यासोबत तुमचा गाऊन बदलत होते. तुम्हाला कुशीवर वळवलं आणि कमरेच्या खाली, माकडहाडावर, रुपयाएवढी जखम दिसली. कड लाल, मधे ओलसर. मी तिथेच मोठ्याने बोलायला लागले. सरोदे मॅडम वर आल्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"गेल्या आठवड्यात दिसली. त्याच दिवशी नितीनभाऊंना फोन केला, फोटो पाठवला. रात्रीच्या पाळीला नवीन बाई होती, ती कूस बदलायला चुकत होती. चूक आमची आहे, काकू."

नितीनने मला कळवलं नव्हतं. मी असा गोंधळ घालीन हे त्याला माहीत होतं, आणि मी घातलाच. तुमचे कपडे पिशवीत भरायला घेतले. म्हटलं, आजच्या आज अमरावतीला नेते.

तुम्ही म्हणालात, "मी नाई येत."

"बाई, जखम झाली आहे तुम्हाला."

"मले मालूम हाय. पाठ मायी हाय."

"मी वासाचं आधीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. तुयं खरं होतं. पन यायनं लपवलं नाई. लपवलं असतं तं मीच म्हटली असती, चाल."

"कबूल केलं म्हणून दुखायचं कमी होतं का?"

"दुखून मले राह्यलं, भांडून तू राह्यली."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मला आलं नाही. मी परतीच्या एसटीत सगळा वेळ तुमच्याशी मनात भांडत होते. आजही मला वाटतं की माणसाच्या अंगाला जखम होईपर्यंत ज्यांना कळत नाही, त्यांचा खरेपणा घेऊन काय करायचं? यावर तुमचं उत्तर मला पुरतं पटलेलं नाही. पण एवढं खरं, की त्यानंतर हवेची गादी आली, दिवसातून ठरल्या वेळी तुम्हाला वळवू लागले, डॉक्टर ड्रेसिंगला येऊ लागले. जखम भरायला सगळा पावसाळा गेला. मी दर वेळी आले की तुम्ही काही न बोलता डाव्या हाताने खाटेची कड धरायच्या आणि कूस वळायला लागायच्या. "पाह्य." मी पाहायची. मग आपण दुसऱ्या विषयावर बोलायचो.

आता सिंधूबाईंचं. त्या तुमच्या शेजारच्या खाटेवर, तेल्हाऱ्याच्या. त्यांची आठवण गेलेली. दिवस कलायला लागला की त्यांना वाटायचं घरी जायला उशीर होतोय, आणि त्या फाटकाकडे निघायच्या. एकदा तर रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. दुपारी सगळ्या घराला रेखा एकटी. एका दुपारी तिने सिंधूबाईंचा हात आपल्या ओढणीने खाटेला बांधला आणि खाली एका आजोबांचं अंथरूण बदलायला गेली.

त्या दिवशी मी नव्हते. हे मला पुढे रेखानेच सांगितलं, मान खाली घालून. सिंधूबाई हात ओढत होत्या, रडत होत्या. तुमचा आवाज दाराच्या पलीकडे जात नव्हता. मग तुम्ही डाव्या हातात स्टीलचा पेला घेतलात आणि खाटेच्या नळीवर आपटायला सुरुवात केलीत. रेखा धावत आली, तरी थांबला नाहीत. मॅडमनी येऊन ओढणी पाहिली तेव्हा थांबलात.

मॅडम रेखाला म्हणाल्या, "पर्स घे आणि घरी जा. उद्यापासून येऊ नको."

तुम्ही म्हणालात, "थांबा. तिले काढून काय होते? उद्या दुसरी येईन, ते बी बांधन."

"मग मी काय करू, मॅडम? बांधलेलं चालवून घेऊ?" तिथलं सगळं घर तुम्हालाही मॅडमच म्हणायचं.

"दुपारी एवढ्या मानसायमागं एकटी बाई. तुमी एक दिवस करून पाहा."

सरोदे मॅडमनी ते मनावर घेतलं, हे मात्र त्यांचं मानावं लागेल. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी त्यांनी स्वतः केली. चहा होईपर्यंत दोघांची अंथरुणं ओली झाली होती, एकाचं औषध राहिलं होतं, आणि सिंधूबाई फाटकाशी उभ्या होत्या. रेखा कामावर राहिली. तिने सिंधूबाईंची माफी मागितली, त्यांना ती कशाबद्दल हे कळलं नाही. दुपारसाठी दुसरी बाई शोधायची ठरलं. पण अशी बाई काही लगेच मिळत नाही. तोवर काय? तुम्ही नातेवाइकांना बोलवायला लावलंत. ज्यांना जमेल त्यांनी एकेक दुपार येऊन बसावं. काही कुरकुरले, काही आलेच नाहीत. तुम्ही मला फोन लावून घेतलात.

"बुधवारी तू येत जा."

"बाई, माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. बुधवारी बंद ठेवू?"

"बुधवारी कोनाची साडी अडते?"

आणि मी यायला लागले. सकाळी अमरावतीहून गाडी पकडायची, मूर्तिजापूरला चहा, दुपारच्या आधी अकोल्यात. पाहुणी म्हणून येणं वेगळं आणि काम करायला येणं वेगळं, हे मला पहिल्याच बुधवारी कळलं. एका आजींना भरवायला पाऊण तास लागतो. घाई केली की ठसका लागतो. ओलं अंथरूण बदलताना माणसाला लाज वाटू नये म्हणून काहीतरी बोलत राहावं लागतं, आणि काय बोलावं ते सुचत नाही. मी पहिल्यांदा आले तेव्हा नाकाला पदर लावला होता. आता तो वास कुठून येतो, का येतो आणि कोणत्या वेळी येतो हे मला माहीत झालं. खिडक्या उघडायची वेळ बदलायला मीच सांगितलं. मॅडमनी बदलली.

सिंधूबाई उठल्या की मी त्यांचा हात धरून फाटकापर्यंत जायची आणि म्हणायची, "तेल्हाऱ्याची गाडी गेली हो, आता उद्या." त्या म्हणायच्या, "गेली काय?" आणि निमूट परत यायच्या. मला वाटलं, छान युक्ती सापडली. तुम्हाला ती मुळीच आवडली नाही.

"तिले खोटं सांगू नोको."

"खरं सांगितलं तर रडतात."

"मंग काईच सांगू नोको. म्हन, चला, पाय मोकळे करू."

मी तसं करून पाहिलं. कधी चालायचं, कधी नाही. नाही चाललं की मी गाडी गेल्याचं सांगायची, तुमच्या खाटेकडे न पाहता. आणि तुम्हीही ऐकू न आल्यासारखं करायच्या. हेही तसंच राहिलं.

दिवाळीच्या आसपास दुसरी बाई मिळाली. माझी गरज संपली, पण बुधवार सुटला नाही. दुपारी सगळं आवरलं की मी तुमची वेणी घालायची आणि तुम्ही अकोटच्या कुणाकुणाची हालहवाल विचारायच्या. एकदा तुम्ही म्हणालात, "तुया हाताले आता अंदाज आला." इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या कुठल्या कामाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. मी वेणी ओढून बांधली. तेव्हा बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण काय, ते अजूनही सुचलेलं नाही.

थंडीत तुम्हाला ताप आला. छाती भरली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात हलवा, कदाचित मशीनवर ठेवावं लागेल. तुम्ही नितीनला आधीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं की मशीन नको. नितीन डोळे पुसत होता आणि तुमच्या शब्दाबाहेर जात नव्हता. मी त्याच्याशी भांडले. मग तुमच्याजवळ येऊन बसले. नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"बाई, थोडे दिवस जाऊ. बरं वाटलं की परत इथेच येऊ."

तुम्ही मान हलवलीत. नाही.

"माझ्यासाठी चला."

तुम्ही डाव्या हाताने माझं मनगट धरलंत. जोर नव्हता. "तुयासाठी तं इथं हाय," असं काहीसं म्हणालात. नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं तर तुम्ही डोळे मिटले होते. ते तुम्ही काय म्हणालात, बाई? नितीनला वेगळंच ऐकू आलं. त्याला वाटलं, तुम्ही 'चहा' म्हणालात.

मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर आणखी जगल्या असतात का, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी ते तसंच ठेवलं आहे.

शेवटच्या सकाळी रेखा तुम्हाला वळवायला आली. मी म्हटलं, "आता कशाला त्रास देते?" ती म्हणाली, "पाठ दुखते नं, काकू, त्यायची." तिने वळवलं, पाठीला उशी लावली, ओठांवरून ओला कापूस फिरवला. दुपारी तुम्ही गेलात. नितीन जवळ होता, मी होते. सिंधूबाई शेजारच्या खाटेवर बसून पाहत होत्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच फाटकाकडे गेल्या नाहीत.

तुम्हाला अंघोळ मी आणि रेखाने घातली. मी तुमची पाठ पाहिली. स्वच्छ होती. जखमेच्या जागी फिकट पांढरा डाग, बाकी कुठे ओरखडाही नव्हता. तेरवीच्या बायकांना मी हे सांगायला हवं होतं. मी तेवढं एकच सांगितलं असतं.

काल तुमचं सामान आणायला गेले होते. व्हरांड्यात पिशव्या बांधत होते तर एक तरुण बाई आली. अकोटकडचीच, बोलण्यावरून कळलं. वडिलांसाठी जागा पाहायला आली होती. मॅडम बाहेर गेल्या होत्या, तर ती माझ्याजवळच बसली.

"काकू, तुमचं कोनी होतं का इथं?"

"जाऊ होती. दर बुधवारी अमरावतीहून यायची मी."

"जाऊ?" तिला ऐकण्यात चूक झालीसं वाटलं. "मले वाटलं आई असंन. जावेसाठी अमरावतीहून येत होत्या तुमी?"

"हो."

ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "खरं सांगा, कशी हाय जागा?"

मी खरं सांगितलं. सकाळी वास येतो. न्हाणीची फरशी निसरडी आहे, काठी लागते. माझ्या जावेला जखम झाली होती, ती भरली. एका बाईंचा हात बांधला होता, पुन्हा तसं झालेलं मी पाहिलं नाही. डाळ कधी कच्ची असते. बोललं तर ऐकतात, पण बोलावं लागतं, आणि तुम्ही यावं लागतं.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग ठेवू का बाबाले?"

"बाबा कुठे आहेत?"

तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. "गाडीत बसले हायेत. म्हटलं आधी आपन पाहून घेऊ."

मी पिशवी खाली ठेवली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात चाकाची खुर्ची होती, ती ओढली आणि तिला म्हटलं, "चला. त्यांना आत आणू. त्यांना पाहू द्या."